अप्पा, पाद्रीबुवांचं राहूनच गेलं

अप्पा,

तुम्ही गेलात त्याला तीन आठवडे होत आले आणि मला अजून काही होत नाहीये. झोप लागते, भूक लागते, ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी बरोबर उत्तरं देते. खालच्या मजल्यावरच्या आजी हात हातात घेऊन बसल्या, तर त्यांच्याच डोळ्यांत पाणी, आणि मी त्यांना रुमाल आणून दिला. मंदार म्हणतो, तू जरा स्वस्थ बस. मी बसते. बसून काही होत नाही, मग उठते आणि मशीनला कपडे लावते.

तुम्हाला हसू येईल असं एकच काहीतरी झालं, ते सांगते. अंत्यविधीची सगळी व्यवस्था बघणारा माणूस, इथे त्याला बेश्टाटर म्हणतात, घरी आला. काळा सूट, मऊ आवाज, मांडीवर फाइल. त्यानं विचारलं, ‘तुमच्या सासऱ्यांसाठी पाद्री बोलवायचा आहे का?’ मंदार नाही म्हणाला. मी मान खाली घातली, कारण अगदी तोंडावर आलं होतं, पाद्री आहे हो आमच्याकडे, पण तो साडेतीनशे वर्षांपूर्वी वारला. ईरानं माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्याही मनात तेच आलं असणार, कारण ती पटकन उठून आत गेली. उशीत तोंड खुपसून हसत होती. तेरा वर्षांची पोर, आजोबा गेल्यापासून पहिल्यांदा हसली. मग मात्र बराच वेळ बाहेर आली नाही.

इथे माणूस गेला की लगेच काही करता येत नाही. नोंदणीच्या कचेरीला, श्टांडेसआम्टला, तुमचा जन्माचा दाखला हवा होता, त्याचं जर्मन भाषांतर हवं होतं, त्यावर शिक्का हवा होता, आणि ते सगळं झाल्यावर स्मशानाची तारीख. तुमचा दहावा आधी आला आणि अग्नी नंतर. साताऱ्याहून सुधाआत्या फोनवर विचारत होत्या, ‘अरे, पण दिवस धरायचे कधीपासून?’ गुरुजी म्हणत होते, गेल्या दिवसापासून. आत्या म्हणत होत्या, ‘अजून अग्नी नाही आणि दहावा कसला करताय?’ मंदार बाल्कनीत फेऱ्या मारत दोघांनाही हो हो म्हणत होता. तुम्ही असता तर हा वाद तासभर रंगवला असतात.

वादावरूनच आपली ओळख झाली. लग्नानंतर बरीच वर्षं तुम्ही माझे नुसते सासरे होतात. वाकून नमस्कार, ‘बरी आहेस ना?’, ‘हो अप्पा’, एवढंच. मंदारच्या आई गेल्यावर तुम्ही दर उन्हाळ्यात नव्वद दिवसांच्या व्हिसावर इथे हायडेलबर्गला यायला लागलात, आणि मग आमच्या जेवणाच्या टेबलावर पाद्रीबुवा आले. पहिल्यांदा नाव ऐकलं तेव्हा मला वाटलं, साताऱ्याच्या चर्चमधले कुणी तुमच्या ओळखीचे असतील. मग कळलं की ते इंग्लंडच्या एका खेड्यातले, राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी पेटली त्या काळातले, राजाच्या बाजूचे. तुम्ही कॉलेजात इतिहास शिकवायचात, पीएचडीला हे पाद्रीबुवा घेतले होतेत, आणि ती पीएचडी चाळीस वर्षं चालूच होती. आई म्हणायच्या, ‘मला एक सवत आहे आणि तिला दाढी आहे.’

हायडेलबर्ग तुम्हाला आवडलं तेही त्यांच्यापायीच. पाद्रीबुवांच्या राजाची बहीण इथल्या किल्ल्यावर सून म्हणून नांदायला आली होती, हे आम्हाला तुमच्याकडून कळलं. आम्ही इथे अकरा वर्षं राहतोय, आम्हाला किल्ल्यावरचं आइस्क्रीम तेवढं ठाऊक. ‘ती या गावची परदेशी सून आणि तू दुसरी,’ म्हणायचात, ‘फरक एवढाच की तिला घोड्यावरून आणली आणि तुला नोकरीच्या ब्लू कार्डावर.’

गोष्ट तुम्ही दर वर्षी नव्यानं सांगायचात. पार्लमेंटची माणसं गावात आली, चौकशी बसली. आरोप काय, तर हा पाद्री राजासाठी प्रार्थना करतो, जुनं प्रार्थनेचं पुस्तक सोडत नाही, आणि गुत्त्यात बसतो. ‘तिसरा आरोप खरा होता,’ तुम्ही म्हणायचात. साक्षी दिल्या त्या त्याच्याच गावकऱ्यांनी, ज्यांच्या पोरांना त्यानं बाप्तिस्मा दिला होता. शपथ घे, सही कर आणि राहा सुखानं, असं त्याला सांगितलं. शेजारच्या गावच्या पाद्र्यानं केली सही. यानं केली नाही. चर्च गेलं, घर गेलं. बायको खुर्चीतून उठेना, तेव्हा शिपायांनी तिला खुर्चीसकट उचलून बाहेर बर्फात नेऊन ठेवलं. इथे तुम्ही स्वतः खुर्चीचे हात घट्ट धरून दाखवायचात आणि ईरा ओरडायची, ‘नोखमाल, आजोबा, नोखमाल!’ मग पुन्हा एकदा खुर्ची, पुन्हा बर्फ.

मग तुरुंग. मग कुणा जमीनदाराच्या वाड्यावर पोरांच्या शिकवण्या. जुनं पुस्तक वापरायला बंदी होती, म्हणून पाद्रीबुवांनी ते अख्खं पाठ केलं. एका दफनाला पार्लमेंटचे शिपाई मागे येऊन उभे राहिले, तेव्हा यांनी डोळे मिटले आणि सगळा जुना विधी तोंडपाठ म्हटला. शिपायांना वाटलं, काय मनापासून सुचतंय या माणसाला! त्यांच्या म्होरक्यानं जाताना पाद्रीबुवांचा हात दाबला. हे सांगताना तुम्ही इतके खूश व्हायचात की हात तुमचाच दाबला असावा. राजाचं डोकं उडवलं त्या दिवशी पाद्रीबुवा जेवले नाहीत, आणि पुढे दर वर्षी त्या दिवशी जेवले नाहीत. सुंभ जळला तरी पीळ जाईना. शेवटी केस पांढरे झाल्यावर नवा राजा आला, पाद्रीबुवांना गाव परत मिळालं, घंटा वाजल्या, आणि तेच साक्षी देणारे गावकरी त्यांना सामोरे आले. इथे तुमची गोष्ट संपायची आणि तुम्ही ताक मागायचात.

माझी नोकरी गेली होती त्या उन्हाळ्यात तुम्ही माझं सांत्वन केलं नाहीत, हे मी विसरणार नाही. सगळे सांत्वन करत होते आणि मला त्याचा वीट आला होता. तुम्ही सकाळी टेबलापाशी दोन खुर्च्या मांडायचात, एक माझ्या लॅपटॉपपुढे, एक तुमच्या कागदांपुढे. ‘चल, आपण दोघं बिनगावाचे पाद्री,’ म्हणायचात. मी अर्ज लिहायचे, तुम्ही पीएचडी न लिहिता नुसते बसायचात. दुपारी लसूण सोलून ठेवायचात, सालं सगळ्या स्वयंपाकघरभर. त्या उन्हाळ्यानं मला सावरलं, अप्पा. हे तुम्हाला तोंडावर कधी बोलले नाही, आपल्यात तसं बोलायची रीत नव्हती.

कॉलेजात तुमची एक पद्धत होती. भिंतीकडची बाकं राजाची, खिडकीकडची पार्लमेंटची. अर्धा तास कडाकडा भांडायचं, आणि मग तुम्ही डस्टर आपटून म्हणायचात, ‘बाकं बदला.’ आता दुसऱ्याची बाजू, तितक्याच जोरानं. आमच्याकडेही तुम्ही ते सुरू केलंत. ईराचा मोबाइल रात्री कुणाकडे राहावा यावरून भांडण झालं, तेव्हा तुम्ही टेबलावर चमचा आपटलात आणि तिला माझी बाजू मांडायला लावलीत. तिनं ती माझ्यापेक्षा बरी मांडली आणि मोबाइल स्वतःच आणून दिला. सगळ्या विषयांवर तुम्ही बाकं बदलायचात. फक्त पाद्रीबुवांचा विषय निघाला की तुम्ही राजाच्या बाकावरून हलायचा नाहीत.

या जूनमध्ये तुम्ही आलात त्याच आठवड्यात मी ते उकरलं. चेरी धुऊन टेबलावर ठेवल्या होत्या, गोष्ट संपली होती, तुम्ही ताक पीत होतात.

‘अप्पा, पाद्रीबुवा बाहेर होते तितकी वर्षं त्या चर्चमध्ये दुसरा कुणी असेल ना?’

‘होता की.’

‘वाईट होता?’

‘नाही गं. भला माणूस. साथ आली तेव्हा गाव सोडून पळाला नाही.’

‘मग पाद्रीबुवा परत आल्यावर त्याचं काय झालं?’

‘त्याला जावं लागलं. कायद्याप्रमाणे.’

‘आणि त्याची बायको? तिला उचललं का खुर्चीसकट?’

‘कागदात तसं काही नाही.’

ईरानं चेरीची बी थुंकली. ‘दास इस्ट डोख उनफेअर, आजोबा.’ हा तर अन्यायच झाला, असं.

‘अगं, कायदा होता. पाद्रीबुवांनी स्वतः काही केलं नाही.’

‘गेनाऊ,’ मी म्हणाले. ‘अगदी बरोबर. काहीच केलं नाही.’

तुम्ही माझ्याकडे बघितलंत, आणि मला कळलं की तुम्हाला कळलंय. आम्हा सगळ्यांना तुमची दुसरी गोष्टही पाठ होती. कॉलेजावर नवं संचालक मंडळ आलं, जुन्या प्राचार्यांविरुद्ध कागद फिरला, सगळ्यांनी सह्या केल्या, तुम्ही केली नाहीत. तुम्हाला दूरच्या एका शाखेत टाकलं. कित्येक वर्षं आई एकट्या साताऱ्यात, तुम्ही पत्र्याच्या खोलीत. तुमच्या जागी विभागप्रमुख झाले देशमाने, तुमचेच विद्यार्थी. मग जुनं मंडळ निवडून आलं, तुम्हाला हार घालून परत आणलं, मंदारनं तेव्हा फटाके उडवले होते. आणि देशमान्यांना त्याच शाखेत पाठवलं. मी एकदा विचारलं होतं, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, ‘नियमाप्रमाणे बदली झाली.’ तुमच्या एका शब्दावर ती थांबली असती, हे मंदारलाही माहीत आहे. तुम्ही मूग गिळून बसलात.

म्हणून मी ते बोलले. ‘अप्पा, तुमच्या पाद्रीबुवांना न्याय नको होता. नुसती खुर्ची परत हवी होती.’ आणि वर चमचा आपटला, ‘बाकं बदला.’

तुम्ही बदललं नाहीत. ताकाचं भांडं विसळून पालथं घातलंत, म्हणालात, ‘आमटी छान झाली होती,’ आणि खोलीत गेलात.

त्यानंतर सबंध उन्हाळा पाद्रीबुवांचं नाव निघालं नाही. आपण हवेबद्दल बोललो. ट्रामला उशीर झाला त्याबद्दल बोललो. तुम्ही लसूण सोलत होतात, ईराला इतिहास समजावत होतात, माझ्याशी अदबीनं वागत होतात, आणि ती अदब मला टोचत होती. मला वाटलं, अप्पा रुसले. मीही पडतं घेतलं नाही. नाकावर माशी बसू न देण्यात मीही तुमच्याच घराण्यात शोभते. आणि अप्पा, अजूनही मला वाटतं की माझं बरोबर होतं. तुम्ही गेलात म्हणून ते चूक ठरत नाही. पण सप्टेंबरात विमानतळावर सोडताना काहीतरी बोलू, चेष्टा करू, मग सगळं सरळ होईल, असं मी धरून चालले होते. तुमचं तिकीट सप्टेंबरचं होतं.

ऑगस्टमध्ये त्या सकाळी तुम्ही म्हणालात, डावा हात जड झालाय. चहा अर्धा होता. ॲम्ब्युलन्सच्या लोकांशी ईरा बोलली, मला जर्मन शब्दच आठवेनात. दवाखान्यात तुम्ही दोन दिवस होतात आणि एकदाही डोळे उघडले नाहीत. मी तुमच्या पायाशी उभी राहून पायांवरची चादर सारखी करत होते. ती चांगली सारखी होती.

तुमचा मोबाइल मंदार अजून चार्ज करून ठेवतो. का, ते त्याला विचारायचं धाडस मला होत नाही. शनिवारी दुपारी तो वाजला. मंदार दुकानात गेला होता. मी उचलायला गेले तर वर नाव होतं, देशमाने. हे नाव तुमच्या मोबाइलमध्ये असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

‘सूनबाई का?’ बारीक, दमलेला आवाज. ‘मी देशमाने. सरांचा विद्यार्थी.’

फक्त विद्यार्थी म्हणाले, पुढचं काही नाही. पेपरात वाचलं म्हणाले. मी म्हणाले, हो.

‘सरांनी मला फोन केला होता, जूनमध्ये,’ ते म्हणाले. ‘एवढ्या वर्षांनी आवाज ऐकला, मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. सर म्हणाले, “देशमाने, माझी सून म्हणते, मला न्याय नको होता, नुसती खुर्ची परत हवी होती. तुझं काय म्हणणं?”’

मी पाद्रीबुवांबद्दल बोलले होते, अप्पा. ‘मला’ हे तुम्ही घातलंत.

‘मग तुम्ही काय म्हणालात?’ मी विचारलं.

‘मी म्हणालो, सर, बरोबर म्हणतात त्या.’

‘मग?’

‘सर म्हणाले, “तिला सांगू नकोस. डोक्यावर बसेल.”’

मी हसले. खरंच हसले, मोठ्यानं, आणि फोनवर देशमानेही हसले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. तुम्ही दर आठवड्याला, आम्ही ऑफिसला गेलो की, त्यांना फोन करत होतात. तुम्ही विचारायचात आणि ते सांगायचे, त्या शाखेतली वर्षं कशी गेली, कोण भेटलं, कोण भेटायचं बंद झालं. दोघांची भाड्याची खोलीही तीच निघाली, म्हणाले, तीच घरमालकीण, तोच गळका पत्रा. तुम्ही त्यांची माफी वगैरे मागितली नाहीत. नुसतं ऐकत होतात. ‘सर मधेमधे हं म्हणायचे,’ ते म्हणाले, ‘वर्गात आम्ही चुकीचं उत्तर दिल्यावर म्हणायचे ना, तसं नाही. वेगळं.’

‘जुलै संपता संपता सर म्हणाले, “सप्टेंबरात येतोय. तुझ्या घरी जेवायला येईन. पण तू हो म्हणू नकोस, तुझ्या बायकोला विचार. एकटीनं दोन पोरं तिनं वाढवली, तू नाही.”’

देशमानेवहिनी नवऱ्याची बदली झाली त्या दिवसापासून तुमच्या गल्लीनं कधी गेल्या नव्हत्या. भाजीला सुद्धा लांबचा रस्ता. घरात तुमचं नाव काढायची सोय नव्हती. नवऱ्यानं विचारलं तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या, ताट तसंच ठेवून आत गेल्या. मग कितीतरी दिवस हो नाही की नाही नाही. देशमान्यांनीही पुन्हा विचारलं नाही. आणि एक दिवस संध्याकाळी दिवा लावताना त्यांनी आपण होऊन उत्तर दिलं.

‘मी लगेच सरांना फोन लावला. उचलला नाही कुणी. दुसऱ्या दिवशी लावला. तिसऱ्या दिवशी लावला. सांगायचं राहिलं हो.’

फोन ठेवल्यावर मंदार आला, त्याला सांगितलं. तो पिशवी हातात धरूनच ऐकत होता. पुढच्या महिन्यात वकिलातीचे कागद मिळाले की आम्ही तुमच्या अस्थी घेऊन साताऱ्याला येऊ, माहुलीच्या घाटावर. तो म्हणाला, तेव्हा आपण जाऊ त्यांच्याकडे जेवायला. मी म्हणाले, नको. वहिनींनी तुमच्यासाठी उत्तर दिलंय, आमच्यासाठी नाही. आधी त्यांना विचारू, आणि त्या हो म्हणाल्या तर जाऊ.

ईरा तुमच्या पलंगावर बसली होती. तिला सगळं मराठीत सांगितलं. ती नेहमीसारखी जर्मनमध्ये म्हणाली, ‘आणि आजोबांना माहितीये?’

‘नाही.’

‘दान झाग्स इम डोख,’ ती म्हणाली. मग सांग ना त्यांना. आणि मी दाराशी उभी होते तिथेच खाली बसले, अप्पा. तीन आठवड्यांत पहिल्यांदा मला रडू आलं, आणि ईरानं माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि तेही किती विचित्र वाटत होतं.

म्हणून हे लिहायला बसले. तुमचं काय चुकलं ते सांगायला नाही, ते तुम्हाला माझ्याआधी कळलं होतं. निरोप द्यायचाय. देशमानेवहिनी म्हणाल्या, ‘येऊ दे त्यांना. पोटभर वाढीन. पण गोड काही करणार नाही.’